मुलाला मोटारीच्या लाइनमध्ये घालायचे, पण कोणत्या दरवाजाने?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे एक प्रश्न दरवर्षी येतो. "मुलाला गाड्यांचा भारी नाद आहे. त्याला कार डिझाईनला घालायचे आहे. चांगले कॉलेज सांगा." विचारणारे बहुधा गॅरेजवाले, स्पेअर पार्टचे दुकानदार, टर्नर, वेल्डर नाहीतर सीटकव्हर शिवणारे असतात. कॉलेजचे नाव सांगण्यापूर्वी आम्ही त्यांना उलट विचारतो की मुलगा घरी रिकामा असला म्हणजे काय करतो? वहीच्या मागच्या पानावर गाड्या काढतो, की मिळेल ती वस्तू उघडून बसतो? बापाला हा प्रश्न पोरकट वाटतो. पण पुढच्या सहा-सात वर्षांचा आणि दुकानाच्या भांडवलातून जाणाऱ्या काही लाखांचा हिशेब याच उत्तरावर ठरतो.

मोटारीच्या धंद्याशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे. मुंबईचा कुर्ला घ्या, पुण्याची नाना पेठ घ्या, नाहीतर कोणत्याही तालुक्याच्या एस.टी. स्टँडमागची गॅरेजची रांग घ्या. डेंटर, पेंटर, रेडिएटरवाला, बॅटरीवाला, बोअरिंगवाला यांच्या पाट्या वाचत गेले की आपलीच नावे भेटतात. गाडी रस्त्यावर आल्यानंतरचे काम आपल्या हाती भरपूर आहे. गाडी जिथे कागदावर जन्म घेते आणि जिथे तिची जुळणी होते, तिथे मात्र आपली माणसे थोडी दिसतात. चाकण, पिंपरी, नाशिक ही ठिकाणे काही दूर नाहीत. दूर आहे तो तिथला दरवाजा, आणि तो कोणत्या बाजूने उघडतो हे बहुतेकांना वेळेवर कळत नाही.

दोन कामे, दोन वाटा

लोक "कार डिझाईन" म्हणतात तेव्हा दोन अगदी निराळी कामे एकाच नावात घालतात.

पहिले काम रूपाचे. गाडीचा आकार, दिव्यांची ठेवण, दरवाजाची रेषा, आतली बैठक, डॅशबोर्ड, साडी नेसलेली बाई किंवा गुडघे दुखणारे बुजुर्ग सहज आत बसतील का, हे सारे डिझायनर ठरवतो. तो आधी शेकडो चित्रे काढतो. त्यातले एखादे पसंत झाले की संगणकावर त्याचा पृष्ठभाग तयार होतो आणि मग कारखान्यासाठी खास बनवलेल्या मातीचा नमुना घडतो. ही माती गरम करून मऊ करतात, सांगाड्यावर थापतात आणि पोलादी पात्यांनी खरवडून आकार आणतात. पूर्ण मापाची मोटार मातीत उभी राहते. तिच्यावर उजेड पाडून प्रकाशाची रेघ कुठे मोडते ते पाहतात.

आता आमच्या डेंटर भाईंनी सांगावे, हे काम त्यांना अनोळखी आहे का? ठोकलेला पत्रा सरळ झाला की नाही हे उस्ताद डोळे मिटून तळहात फिरवून सांगतो, आणि पॉलिश झाल्यावर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब वाकडे दिसले तर पुन्हा पुट्टी भरतो. स्टुडिओतला मातीकाम करणारा कारागीर हेच करतो. त्याला पगार चांगला असतो आणि अशी सफाईदार हाताची माणसे मिळणे सोपे नसते. हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्या हाती लोखंड मऊ होई, ही गोष्ट आपल्या घरातली लहान मुलेही ऐकत मोठी होतात. हाताच्या कामाला कमी लेखणे आपल्या परंपरेत बसत नाही. तरी शिकलेल्या मुलाने गॅरेजचे नाव काढू नये असे वाटणारे बापही आम्ही पाहतो.

दुसरे काम इंजिनिअरिंगचे. इंजिन किंवा मोटर किती ताकदीची, चासीला किती भार, ब्रेक किती अंतरात लागले पाहिजेत, सस्पेन्शनची स्प्रिंग किती कडक, गरम हवा कुठून बाहेर काढायची, पत्र्याची डाय कशी बनवायची, आणि हे सगळे ठरलेल्या किमतीत कसे बसवायचे. इथे गणित आणि पदार्थविज्ञान लागते, रोज लागते. ज्या मुलाला गणिताची भीती आहे त्याला केवळ गाड्या आवडतात म्हणून इकडे ढकलू नये.

या दोन कामांचे शिक्षण वेगळे, प्रवेश परीक्षा वेगळ्या, खर्च वेगळा. चित्रे काढणारा मुलगा ऑटोमोबाईल इंजिनिअरिंगला गेला तर दुसऱ्या वर्षी हवालदिल होतो. इंजिन उघडणारा मुलगा महागड्या डिझाईन कॉलेजात गेला तर तिथली चित्रे त्याला पोरखेळ वाटतात.

डिझाईनचा दरवाजा

आपल्या देशात डिझाईन शिकवणाऱ्या नामांकित सरकारी संस्था मोजक्या आहेत. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था, म्हणजे एन.आय.डी., १९६१ सालची. मुंबईत पवईच्या आय.आय.टी.मधील आय.डी.सी. ही शाळा १९६९ची. एन.आय.डी.त वाहन डिझाईन हा विषय पदवीनंतरच्या अभ्यासक्रमात, गांधीनगरच्या परिसरात शिकवतात. आय.डी.सी.तही वाहन डिझाईनचा खास अभ्यासक्रम पदवीनंतरचाच आहे. बारावीनंतर तिथे जी चार वर्षांची बी.डेस. मिळते ती सर्वसाधारण डिझाईनची. खासगी संस्थांपैकी पुण्याजवळ लोणी काळभोर येथील एम.आय.टी.ची डिझाईन संस्था वाहन डिझाईन शिकवते. परदेशात लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ आर्ट, इंग्लंडमधीलच कोव्हेंट्री विद्यापीठ, जर्मनीतील फोर्झहाइम, अमेरिकेत पासाडिना येथील आर्ट सेंटर ही नावे या व्यवसायात मानाची आहेत. परदेशचा खर्च इतका मोठा आहे की शिष्यवृत्ती हाती नसताना त्याचा विचार दुकानदार बापाने करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आय.आय.टी.ची बी.डेस.साठीची परीक्षा यूसीड नावाने ओळखली जाते. पवईची आय.आय.टी.च ती घेते. विज्ञान, वाणिज्य, कला यांपैकी कोणत्याही शाखेचा बारावीचा विद्यार्थी तिला बसू शकतो, ही गोष्ट आपल्याकडे फारच थोड्यांना माहीत आहे. पदवीनंतरच्या एम.डेस.साठी सीड नावाची परीक्षा आहे. एन.आय.डी.ची परीक्षा स्वतंत्र असते. या परीक्षांत पाठांतर चालत नाही. चित्र काढायला लावतात, वस्तू मनात फिरवून दाखवायला लावतात, नेहमीच्या वापरातल्या वस्तूत काय खटकते ते विचारतात. आणि या परीक्षा हिवाळ्यात होतात. अर्ज दिवाळीच्या सुमारास किंवा त्याआधीच सुटतात. निकालानंतर जूनमध्ये चौकशीला येणाऱ्या पालकाचे एक वर्ष तिथेच गेलेले असते.

शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या शासकीय रेखाकला परीक्षा मुलाला द्यायला लावाव्यात. त्यातून हाताला वळण लागते आणि आवड खरी की दोन दिवसांची, तेही कळते. काही घरांत चित्रकलेबद्दल संकोच असतो. आम्ही आलिम नाही, मसला सांगणे आमचे काम नव्हे. एवढेच म्हणतो की मोटारीचे रेखाचित्र हे सुताराच्या किंवा गवंड्याच्या नकाशासारखे असते. मनात शंका असेल तर आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे. त्या शंकेपायी मुलाची वर्षे घालवू नयेत.

आता एक व्यवहारी गोष्ट. वाहन डिझाईनच्या नोकऱ्या संख्येने थोड्या आहेत. एका कंपनीच्या स्टुडिओत जितकी माणसे लागतात त्याच्या कितीतरी पट माणसे इंजिनिअरिंग, उत्पादन आणि तपासणी या खात्यांत लागतात. म्हणून मुलाचा हात विलक्षण नसेल आणि घरचे भांडवल बेताचे असेल, तर आधी इंजिनिअरिंग आणि मग डिझाईन हा क्रम आम्हाला शहाणपणाचा वाटतो. इंजिनिअरची पदवी घेतलेला मुलगा सीड देऊन डिझाईनला जाऊ शकतो. नाही जमले तरी हातातली पदवी कुठे जात नाही. उलटा प्रवास, म्हणजे डिझाईनकडून इंजिनिअरिंगकडे, जवळजवळ होतच नाही.

हा क्रम कल्पनेतला नव्हे. महिंद्रच्या एक्सयूव्ही ५०० या २०११ साली आलेल्या गाडीच्या डिझाईनची धुरा ज्यांच्याकडे होती त्या रामकृपा अनंतन यांनी आधी पिलानीच्या बिट्समधून मेकॅनिकल इंजिनिअरिंग केले, मग पवईच्या आय.डी.सी.तून डिझाईन. टाटा मोटर्सच्या आणि २०२१नंतर महिंद्रच्या डिझाईनचे प्रमुखपद सांभाळणारे प्रताप बोस यांची वाट दुसरी, एन.आय.डी. आणि तिथून लंडन. पहिले उदाहरण मुलींच्या बापांनी जरा जास्त लक्षात ठेवावे.

इंजिनिअरिंगच्या तीन जिन्यांचा हिशेब

आपल्याकडे समज असा की अकरावी-बारावी सायन्स, मग सी.ई.टी., मग बी.ई. हाच सरळ रस्ता, आणि डिप्लोमा-आय.टी.आय. म्हणजे नापासांची गल्ली. आकडे मांडून पाहू.

पहिला जिना : दहावीनंतर अकरावी-बारावीची दोन वर्षे आणि पदवीची चार. एकूण सहा.

दुसरा : दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा, तिथून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश, पुढे तीन वर्षे. एकूण सहाच.

तिसरा : दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड, तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, दोन वर्षे. मग पदवीची तीन. एकूण सात.

म्हणजे ज्या गल्लीला आपण नाके मुरडतो ती फार तर एक वर्षाने लांब आहे. शिवाय पहिल्या जिन्यावर मुलगा मध्येच थांबला तर हाती बारावीचा दाखला राहतो. दुसऱ्या जिन्यावर तीन वर्षांनी थांबला तरी तो डिप्लोमा होल्डर असतो आणि नोकरीला लागू शकतो. घरात आजारपण आले, धंदा बसला, मोठ्या मुलाने हातभार लावण्याची वेळ आली, असे प्रसंग आपल्या घरांतून येतातच. तेव्हा हा मधला टप्पा फार मोलाचा ठरतो. डिप्लोमाला प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो आणि डिप्लोमानंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला डिप्लोमाच्या गुणांवर. सी.ई.टी.चा क्लास लावावा लागत नाही.

पैशाचा अंदाज म्हणून आम्ही मनाने धरलेले आकडे देतो. वाचकांनी आपापल्या गावचे घालावेत. समजा, खासगी इंजिनिअरिंग कॉलेजची फी वर्षाला १ लाख २० हजार आणि परगावी राहण्या-जेवणाचे ९० हजार. चार वर्षांचे झाले ८ लाख ४० हजार. बारावीपर्यंतचे कॉलेज आणि क्लास मिळून १ लाख धरले तर ९ लाख ४० हजार. आता मुलगा आपल्याच जिल्ह्याच्या सरकारी तंत्रनिकेतनात घरी राहून शिकला, वर्षाचा खर्च २५ हजार धरला, तर तीन वर्षांचे ७५ हजार. पुढे त्याच खासगी कॉलेजात तीन वर्षे, ६ लाख ३० हजार. बेरीज ७ लाख ५ हजार. सव्वादोन लाखांहून अधिक वाचले. गॅरेजवाल्याच्या हिशेबात ही रक्कम म्हणजे दुकानाला आलेली नवी अवजारे.

या जिन्याला एक मोडकी पायरी आहे, ती लपवू नये. डिप्लोमावरून आलेली मुले वर्कशॉपमध्ये पुढे असतात, पण पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या गणितात अडखळतात. कारण बारावी व पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित त्यांनी तितके केलेले नसते. डिप्लोमाचे शेवटचे वर्ष चालू असतानाच गणिताची वेगळी तयारी करून घ्यावी. दुसरी अडचण इंग्रजीची. उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलाने आपल्याच गॅरेजमध्ये येणाऱ्या गाड्यांची सर्व्हिस मॅन्युअल रोज दोन पाने वाचावीत. पार्टची नावे त्याला तोंडपाठ असतातच, भोवतालची इंग्रजी हळूहळू सुटत जाते.

लेथ, मिलिंग, डाय यांची आवड असलेल्या मुलांसाठी आणखी एक ठिकाण आहे, आणि त्याची माहिती आपल्या टर्नर-फिटर मंडळींत फार कमी आहे. औरंगाबाद म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्र सरकारची संस्था दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा देते. मोटारीचा प्रत्येक पत्रा आणि प्रत्येक प्लास्टिकचा भाग कुठल्या ना कुठल्या डायमधून निघतो, त्यामुळे या कामाला मरण नाही.

ऑटोमोबाईल की मेकॅनिकल?

नावात मोटार आहे म्हणून ऑटोमोबाईल शाखेवर उडी पडते. आमचा कल मेकॅनिकलकडे आहे. मेकॅनिकलवाला मोटारीच्या कारखान्यात जाऊ शकतो आणि पंपाच्या, फ्रिजच्या, शेतीच्या यंत्रांच्याही. मंदी आली की ही सोय कळते. पुण्याचे सी.ओ.ई.पी. १८५४ सालचे, मुंबईचे व्ही.जे.टी.आय. १८८७ सालचे. मोटार कारखान्यांत या संस्थांचे मेकॅनिकलचे विद्यार्थी मोठ्या पदांवर गेलेले आहेत. ऑटोमोबाईलचे खास शिक्षण पदवीनंतरही घेता येते. पुण्याची ए.आर.ए.आय. ही १९६६ साली स्थापन झालेली वाहन संशोधन संस्था वेल्लोरच्या व्ही.आय.टी.बरोबर एम.टेक.चा अभ्यासक्रम चालवते.

इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सकडेही दुर्लक्ष नको. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले, तेव्हापासून नव्या गाडीचा बिघाड कानाने ओळखणाऱ्या उस्तादालाही स्कॅनर जोडावा लागतो. विजेच्या गाडीत तर कार्बोरेटर, क्लच, सायलेन्सर यांतले काहीच नसते. बॅटरी, मोटर आणि कंट्रोलर असतात. रेडिएटर आणि सायलेन्सरवर ज्यांची दुकाने उभी आहेत त्यांच्या मुलांनी हे लवकर शिकून घेतले तर दुकानही टिकेल.

नोकरी म्हणजे कारखानाच असेही नाही. आर.टी.ओ.मधील सहायक मोटार वाहन निरीक्षकाचे पद लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरतात, आणि त्यासाठी ऑटोमोबाईल किंवा मेकॅनिकलचा डिप्लोमा चालतो. अपघातातल्या गाड्यांचे नुकसान ठरवणारा विम्याचा सर्व्हेअर आपल्या गॅरेजमध्ये नेहमी येतो. ते लायसन्सही इंजिनिअरिंगच्या डिप्लोमा-पदवीवर, ठरलेले प्रशिक्षण आणि परीक्षा देऊन मिळते. ज्याचे बालपण ठोकलेल्या गाड्यांत गेले त्याच्याइतका पारखी सर्व्हेअर दुसरा कोण होणार? आपली मुले या कामात इतकी कमी का, हे आम्हाला उमगलेले नाही.

कॉलेज पाहायला कसे जावे

जुनी गाडी घेताना आपण रंगाला भुलत नाही. बॉनेट उघडतो, डिपस्टिक काढून ऑइल बघतो, खाली वाकून चासीवर वेल्डिंगचे टाके आहेत का पाहतो. कॉलेज पाहताना मात्र हेच लोक काचेची इमारत आणि वातानुकूलित ऑफिस पाहून परततात.

कामाच्या दिवशी जावे आणि ऑफिसऐवजी थेट वर्कशॉपकडे वळावे. कापून ठेवलेल्या इंजिनावर धूळ बसली आहे का? लेथच्या खाली ताजा बुरादा आहे का, की यंत्रे रंगवून ठेवलेली आहेत? मुलांच्या ॲप्रनला ऑइलचे डाग आहेत का? बीएस-६चे इंजिन, स्कॅनर, विजेच्या गाडीची बॅटरी आणि मोटर शिकवायला ठेवली आहे का? गॅरेजवाल्या बापाला हे पाहायला कोणाची मदत लागत नाही. दहा मिनिटांत त्याला खरे-खोटे कळते. इंग्रजी येत नाही म्हणून दबून राहण्याचे कारण नाही. या बाबतीत तो पारखी आहे.

दुसरी कसोटी विद्यार्थ्यांच्या गाडीची. बाहा नावाची एक स्पर्धा आहे. आपल्या देशात ती २००७ पासून इंदूरजवळ पिथमपूरला सुरू झाली. इंजिनिअरिंगची मुले स्वतः एका माणसाची, खडकाळ रस्त्यावर धावणारी गाडी आखतात, पाइप कापून वेल्ड करतात आणि पळवून दाखवतात. ज्या कॉलेजची टोळी अशा स्पर्धांना दरवर्षी जाते तिथे मुलांना हात काळे करायची मुभा आहे असे समजावे. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना बाहेर चहाच्या टपरीवर गाठून विचारावे की शिक्षक कायम आहेत की दर सहा महिन्यांनी बदलतात. ऑफिसातल्या छापील पुस्तिकेत ही माहिती सापडणार नाही.

नोकऱ्यांची यादी दाखवतील. त्यात कंपनीच्या नावापुढे कामाचे नाव विचारावे. मोटार कंपनीचे नाव मोठे दिसते, काम मात्र शोरूममधल्या विक्रीचे असू शकते. मेकॅनिकलची निम्मी मुले संगणकाच्या कंपनीत गेली असतील तर तेही वाईट नाही, पण आपल्याला ते माहीत असावे. ए.आय.सी.टी.ई.ची मान्यता तर पाहावीच, आणि ज्या शाखेत प्रवेश घ्यायचा त्याच शाखेला एन.बी.ए.चे मानांकन आहे का तेही पाहावे. एका शाखेचे मानांकन सगळ्या कॉलेजच्या पाटीवर झळकवण्याची रीत आहे.

डिझाईनच्या कॉलेजातही हाच नियम. लाकूडकाम, धातुकाम, मातीकाम यांच्या खोल्या उघड्या आहेत का आणि विद्यार्थी तिथे रात्री उशिरापर्यंत दिसतात का, ते पाहावे. नुसत्या संगणकाच्या रांगा असतील तर लाखांची फी कशासाठी?

फी, कोटा आणि कागद

देणगी देऊन जागा मिळवणे महाराष्ट्रात १९८७च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी दलाल फिरतात आणि आपल्यातले भोळे लोक दुकानाचे गाळे गहाण टाकून त्यांच्या हाती नोटा देतात. खासगी कॉलेजची फी किती असावी हे शासनाचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. तो आकडा आधी पाहावा आणि पावतीशिवाय एक रुपया देऊ नये. आणखी महत्त्वाचे म्हणजे, शासनाच्या फी सवलती कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशालाच मिळतात. मॅनेजमेंट कोट्यातून गेलेला मुलगा त्यांना मुकतो.

सवलती कोणत्या? वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर प्रत्येक मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात पाच टक्के जादा जागा शिक्षण शुल्क माफीच्या असतात. त्या गुणांवर भरतात आणि कॅपच्या पर्यायांत त्यांचा वेगळा कोड असतो, तो भरायला विसरू नये. २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या, आर्थिक दुर्बल व इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाच्या शुल्कात पूर्ण सवलत आहे.

मुस्लीम समाजासाठीचे २०१४चे पाच टक्के आरक्षण कायद्यात टिकले नाही, म्हणून त्यावर विसंबू नये. पण आपल्यातील मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा अनेक कारागीर जमाती राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. कित्येक घरांना हे ठाऊक असूनही दाखला काढलेला नसतो. यादीत नसलेल्यांना उत्पन्नाच्या अटीवर आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला मिळू शकतो. हे दोन्ही दाखले अल्पसंख्याक कॉलेजांत उपयोगी पडत नाहीत, कारण त्या संस्थांना ही आरक्षणे लागू नाहीत. तिथे समाजाचा स्वतंत्र कोटा असतो. १८७४ साली स्थापन झालेल्या अंजुमन-इ-इस्लामचे भायखळ्याचे साबू सिद्दीक इंजिनिअरिंग कॉलेज असेच आहे. तिथे मेकॅनिकलबरोबर ऑटोमोबाईल शाखाही चालत आली आहे; यंदाच्या जागा कॅपच्या यादीत पाहाव्यात. मात्र कोटा आहे म्हणून कॉलेज निवडू नये. वर्कशॉपची परीक्षा आपल्या संस्थांनाही तशीच लावावी. गुण चांगले असतील तर सरकारी कॉलेज आधी, हे आमचे सांगणे आहे.

कर्जाचे म्हणाल तर व्याजाचा प्रश्न ज्याने त्याने आपल्या आलिमांशी बोलून सोडवावा. राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ कमी व्याजाने शैक्षणिक कर्ज देते. जमातीचे बैतुलमाल, कर्जे हसना देणारे ट्रस्ट यांच्याकडे अर्ज लवकर करावा; फी भरण्याच्या आदल्या दिवशी धावून उपयोग नसतो. आणि चालत्या दुकानाचे भांडवल मोडू नये. ज्या दुकानावर धाकट्या तिघांचे शिक्षण अवलंबून आहे ते थोरल्याच्या फीपायी बंद पडले तर चौघेही अडकतात.

कागदांची तयारी नववीपासून करावी. शाळेच्या दाखल्यावर नाव, बापाचे नाव आणि जात यांची नोंद तपासावी. एका कागदावर शेख, दुसऱ्यावर शेख मोहम्मद, तिसऱ्यावर नुसते मोहम्मद असे असेल तर ते शाळेत असतानाच सुधारून घ्यावे, दहावीच्या बोर्डाच्या कागदावर गेल्यावर ते अवघड होते. अधिवास, उत्पन्न, जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर हे तहसीलमधून किंवा सेतू केंद्रातून मिळतात. जात वैधता प्रमाणपत्राला मात्र आजोबा-पणजोबांच्या नोंदी लागतात आणि त्याला महिने लागतात. त्याचा अर्ज मूल अकरावीत किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात असतानाच कॉलेजमार्फत समितीकडे द्यावा. आय.आय.टी. व एन.आय.डी. या केंद्राच्या संस्था आहेत. तिथे राज्याचा ओबीसी दाखला चालत नाही; केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का तेही पाहावे लागते. यूसीडचा अर्ज भरताना हा दाखला हाताशी हवा, म्हणजे तहसीलची फेरी दिवाळीच्या आधीच मारलेली बरी.